भिगवणची पाणपक्षी गणना : कामाच्या नोंदी

उजनी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामागे साचलेल्या पाण्यावर, डिकसळ ते कुंभारगाव या पट्ट्यात मोजणीचे कायमचे बिंदू आखायचे आणि जानेवारीतली आशियाई पाणपक्षी गणना त्याच बिंदूंवरून करायची, एवढंच काम. ही गणना आपल्याकडे १९८७पासून चालू आहे. भिगवणला पक्षी बघणारे पुष्कळ, फोटो काढणारे त्याहून पुष्कळ. पण गेल्या वर्षीचा आकडा यंदाच्या शेजारी ठेवून काही बोलायचं असेल, तर पक्ष्यांच्या आधी पाण्याचा हिशेब ठेवावा लागतो. वीर किंवा नाझरेच्या जलाशयावर कुणी हेच करणार असेल तर या नोंदी कामी याव्यात.

२५ ऑक्टोबर : बिंदू ठरवणं

धरण काठोकाठ, स्थलांतरित बदकं अजून तुरळक. तरी बिंदू ठरवायला याच वेळी जावं, कारण पाणी जास्तीत जास्त कुठवर येतं ते आत्ताच दिसतं.

उजनीची पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर आणि मृतसाठ्याची ४९१.०३ मीटर. मधलं अंतर जेमतेम ५.८० मीटर. ऐकायला थोडं वाटतं, पण भिगवणकडचा तळ फार सपाट आहे. शंभराला एक उतार धरला तरी पाणी एक मीटर उतरलं की काठ शंभर मीटर आत जातो. ऑक्टोबरात पाण्याला लागून उभा केलेला बिंदू जानेवारीत गाळाच्या मैदानाच्या टोकाला उभा असतो.

पेपरात ‘उजनी शंभर टक्के’ म्हणून येतं ते उपयुक्त साठ्याचं, म्हणजे ५३.५७ टीएमसीचं. एकूण साठा ११७ टीएमसीचा आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. ‘उजनी वजा झाली’ म्हणतात तेव्हा पाणी मृतसाठ्यात उतरलेलं असतं. नोंदवहीत टक्के लिहू नयेत. जलसंपदा विभागाच्या रोजच्या पत्रकातली मीटरमधली पातळी लिहावी, दोन दशांश स्थळांपर्यंत.

चार बिंदू घेतले : डिकसळच्या बाजूला उंचवट्यावर एक, कुंभारगावच्या होड्यांच्या धक्क्यापाशी एक, दोन पुढच्या शेतांच्या कडेला. निकष एकच, उंची. डोळा दोन मीटर वर गेला की थव्यातली मागची रांग पुढच्या रांगेआड लपत नाही. रस्त्याचा भराव, विहिरीचा कठडा, जुनी ताल, काहीही चालतं. शेतकऱ्याला विचारूनच बांधावर जायचं, आणि जानेवारीत पुन्हा येणार हेही आत्ताच सांगून ठेवायचं.

प्रत्येक बिंदूची डावी-उजवी हद्द जीपीएसवर आणि खुणेवर अशी दोन्ही लिहिली. तिसऱ्या बिंदूची उजवी हद्द : निळ्या पिंपांवर तरंगणारी पाण्याची मोटर. ही खूण पुढे काय झाली ते ३ जानेवारीच्या नोंदीत.

८ नोव्हेंबर : कवडीपाटला सामानाची चाचणी

भिगवणला जाऊन स्कोपचा (लांबचं बघायच्या एका डोळ्याच्या दुर्बिणीचा) स्टँड बिघडला की येण्या-जाण्याचे दोनशेहून जास्त किलोमीटर वाया. म्हणून चाचणी लोणी काळभोरच्या अलीकडे, कवडीपाटच्या बंधाऱ्यावर. मुळा-मुठेचा फेस, वास, अडकलेलं प्लास्टिक, सगळं आहे. पण शेकाटे, तुतवार, धोबी, चक्रवाक, नदी सुरय हे सगळे हाताच्या अंतरावर मिळतात. शेवाळामुळे बंधाऱ्याचा दगड निसरडा असतो, चप्पल घालून जाऊ नये.

पहिला बिघाड स्टँडच्या डोक्याचा. कॅमेऱ्याचं बॉल हेड लावलं होतं. मोजणीत स्कोप डावीकडून उजवीकडे एका पातळीत सरकत जावा लागतो. बॉल हेड सैल केलं की स्कोप पुढे झुकतो, घट्ट केलं की हलत नाही, आणि मध्ये कुठे थांबलो होतो ते हरवतं. व्हिडिओचं फ्लुइड हेड घ्यावं लागलं, जुन्या बाजारात साडेतीन हजारांना. सगळ्या खर्चात सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे हेच. स्टँडचे पाय पूर्ण लांब करू नयेत. खालचा बारीक टप्पा बंदच ठेवावा आणि मधल्या हुकाला सामानाची पिशवी टांगावी, म्हणजे वाऱ्यात थरथर कमी होते.

दुसरा बिघाड मोजायच्या यंत्राचा. तुळशीबागेत जपासाठी मिळतं ते बोटात घालायचं डिजिटल काउंटर स्वस्त म्हणून घेतलं. शून्य करायचं बटण मोजायच्या बटणाला खेटून असतं. हातमोजा घातलेल्या अंगठ्याने ते दाबलं जातं आणि चारशे बत्तीसचं शून्य होतं. चिकटपट्टी लावून पाहिली, थंडीत सुटते. शेवटी लोखंडी, खटका वाजणारी आणि बाजूची किल्ली फिरवून शून्य होणारी तीन काउंटर एका फळीवर स्क्रूने बसवली : डावीकडे वारकरी (पांढऱ्या चोचीचा काळा पाणपक्षी), मध्ये थापट्या बदक, उजवीकडे तलवार बदक. जिथे जी जात जास्त तिथे तिचं नाव फळीवर खडूने लिहायचं.

२२ नोव्हेंबर : अंदाजाचा सराव

काळ्या कापडावर ज्वारीचे दाणे टाकायचे, पाच सेकंद बघायचे, आकडा लिहायचा, मग मोजायचे. बहुतेकांचा अंदाज शंभराच्या आत ठीक येतो. पाचशेच्या पुढे गेला की सगळेच कमी सांगतात, आणि दाणे दाट पडले की आणखी कमी.

उपाय नेहमीचाच, गठ्ठ्याने मोजणं. आधी दहा नीट मोजायचे, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात बसवायचं, तसे पाच मिळून पन्नासचा गठ्ठा ठरवायचा आणि तो थव्यावर सरकवत न्यायचा. गडबड होते ती अशी की गठ्ठा थव्याच्या मधल्या दाट भागावर ठरवला आणि कडेच्या विरळ भागालाही तोच लावला. कडेला गठ्ठा नव्याने ठरवावा. दोघांनी स्वतंत्र मोजून आकडे एकमेकांना न दाखवता लिहावेत. फरक दहा टक्क्यांच्या वर गेला तर दोघांनी पुन्हा मोजावं. सरासरी काढून मोकळं होऊ नये.

६ डिसेंबर : पहिली रंगीत तालीम

पुण्यातून पहाटे साडेचारला निघून पावणेसातला कुंभारगाव. पाणी ऑक्टोबरपेक्षा खाली, पण गाळ अजून फारसा उघडा नाही.

दुसरा बिंदू पूर्वेकडे तोंड करून आहे हे नकाशावर ठीक वाटलं होतं. सूर्य वर आल्यावर समोरचं सगळं पाणी चांदीसारखं झालं आणि बदकांच्या नुसत्या काळ्या आकृत्या उरल्या. संख्या मोजता येते, जात सांगता येत नाही. त्यामुळे या बिंदूचं काम दोन भागांत केलं : सकाळी एकूण बदकं किती ते, आणि दुपारी साडेतीननंतर, उन्हाकडे पाठ असताना, त्यात कोणती जात किती. दुपारचा आकडा सकाळच्या आकड्याला लावायचा नाही. पक्षी मधल्या वेळेत हलतात, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या रकान्यात.

दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते. मग स्कोप कितीही भारी असू द्या, सहाशे मीटरवरचं बदक वितळल्यासारखं दिसतं. नवीन माणूस अशा वेळी साठपटीवर जातो आणि चित्र आणखी बिघडतं. ८० मिलिमीटरच्या भिंगाला ६० पटीवर डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत १.३ मिलिमीटरचा, २५ पटीवर ३.२ मिलिमीटरचा. मोजणी २५ ते ३० पटीवरच करावी. एखाद्या पक्ष्याची शंका असली तरच वर जावं.

जातींचा गोंधळ डिसेंबरच्या सुरुवातीला सर्वाधिक. भुवई बदकाचे नर तर अजून माद्यांसारखे तपकिरीच दिसतात. रंगावर जाऊ नये. थापट्या त्याच्या फावड्यासारख्या चोचीवरून आणि बुडालेल्या छातीवरून, तलवार बदक लांब मानेवरून, गडवाल पंखातल्या पांढऱ्या चौकोनावरून, चक्रांग आकारावरून. जे ओळखता आलं नाही ते ‘अनोळखी बदक’ या रकान्यात. ओळखलेल्यांच्या प्रमाणात ते वाटून टाकायचा मोह होतो, तो आवरावा.

थापटे आणखी एक त्रास देतात. चरताना दहा-वीस जण चोच पाण्यात घालून एकामागे एक गोल फिरतात. प्रत्येक जण पुढच्याने ढवळून वर आणलेलं खातो. मोजताना चक्राची सुरुवात कुठे ते सापडतच नाही. एक फोटो काढून घरी मोजणं हाच मार्ग.

२० डिसेंबर : होडी

बेटं आणि झाडांआडच्या खाड्या काठावरून दिसत नाहीत, म्हणून होडी. तीन तासांचे बाराशे रुपये ठरले, लाइफ जॅकेट धरून.

स्कोप होडीत नेऊ नये, निरुपयोगी आहे. दुर्बीणही १० पटीपेक्षा ८ पटीची बरी. हालत्या होडीत १० पटीचं चित्र स्थिर राहत नाही. इंजिन थव्यापासून निदान दीडशे मीटरवर बंद करून पुढे बांबूने. फोटोवाल्यांना पक्षी उडालेले हवे असतात आणि नावाड्यांना त्याचीच सवय लागली आहे. त्यामुळे ‘दादा, एकही पक्षी उडवायचा नाही’ हे निघण्यापूर्वी स्पष्ट सांगावं लागतं. एकदा सांगितलं की ते आपल्यापेक्षा काटेकोर पाळतात. पाणी कुठे किती आहे, गाळ कुठे वर आलाय, चित्रबलाक कुठल्या टोकाला बसतात, हे त्यांना न बघता ठाऊक असतं.

अर्धा तास गेला तो पंख्यात नायलॉनचं जाळं अडकून. चिलापीची जाळी पाण्याखाली सहज दिसत नाहीत, रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या की समजायचं. जाळं कापायचं नाही, ते कुणाच्या तरी पोटाचं आहे. पंखा उलटा फिरवून सोडवावं लागतं.

काठावरचे आणि होडीतले तेच पक्षी दोनदा मोजणार हे उघड होतं. म्हणून हद्द आखली : पाण्यातल्या वाळलेल्या झाडांच्या रांगेच्या पलीकडचं ते होडीचं, अलीकडचं ते काठाचं. घड्याळं जुळवून घेतली आणि उडून जाणाऱ्या प्रत्येक थव्याची वेळ, संख्या, दिशा लिहायची ठरवली. ‘८:१२, चक्रवाक ४०, पूर्वेकडे’ एवढं पुरतं.

२७ डिसेंबर : धुकं आणि पट्टकादंब

पाणी उबदार, हवा गार. सूर्योदयाला पाण्यावर धुकं उभं राहतं आणि आठ-साडेआठपर्यंत हलत नाही. बदकांचं बिघडत नाही, ती दिवसभर तिथेच असतात. बिघडतं ते पट्टकादंबांचं. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस हिमालय ओलांडून येतात, रात्र पाण्याकाठी काढतात आणि उजाडलं की शेतात चरायला निघतात. धुकं हटेपर्यंत जागा रिकामी.

सोय अशी केली की रात्रीची जागा सोडून द्यायची आणि पाणी व शेतं यांच्यामध्ये बांधावर दोन माणसं साडेसहापासून उभी करायची. हंस माळेने जातात, आवाज करत जातात, धुक्यातून डोक्यावरून जाताना एकेक मोजता येतात. एकाने आकाशाकडे बघून आकडा बोलायचा, दुसऱ्याने खाली बघून लिहायचं. दोघांनीही वर बघितलं की एक माळ निसटलीच. हाच प्रकार संध्याकाळी परतीच्या वेळी करता येतो, पण अंधार पडल्यावरही काही थवे येत राहतात. त्यामुळे सकाळचाच आकडा धरायचा.

३ जानेवारी : मोटर हलली

रब्बीचं आवर्तन चालू. कालव्यातून पाणी जातंय आणि काठ मागे सरकलाय. तिसऱ्या बिंदूची उजवी हद्द, ती निळ्या पिंपांची मोटर, पाण्यामागे पुढे नेलेली. त्यात नवल काहीच नाही : पाणी उतरलं की शेतकरी पाइपचे तुकडे जोडत, केबल ओढत मोटर पुढे नेतात, नाहीतर फुटव्हॉल्व्ह उघडा पडून मोटर हवा ओढते. हंगामात हे अनेकदा होतं. म्हणजे या मोटरवर हद्द बांधणं म्हणजे पाण्याबरोबर हलणारी हद्द बांधणं. नवी खूण : पलीकडच्या उच्चदाब वाहिनीचा मनोरा.

पाण्याची रेघ मोजायलाही खुणेची गरज होती. आधी रंगवलेले बांबू रोवले होते. काही म्हशींनी पाडले, काही जळणाला गेले. आता प्रत्येक बिंदूजवळ एक जुनी बाभूळ धरली आहे आणि ५० मीटरच्या टेपने बाभळीच्या बुंध्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर घेतो. टेपला दोन माणसं आणि गाळाला गमबूट लागतात. पायाला पोटरीपर्यंत गाळ लागला की थांबावं आणि उरलेलं अंतर फोटोवरून अंदाजाने लिहून पुढे ‘अंदाजे’ लिहावं.

उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर सुरू झाली आहे. ओल आहे तोवर हरभरा टाकून घेतात. तिसऱ्या बिंदूची वाट आता कुणाच्या तरी पेरलेल्या रानातून जाते, म्हणून वळसा घ्यावा लागतो. वीस मिनिटं जास्त धरावीत.

१० जानेवारी : गणना

साडेसहा ते दहा आणि साडेतीन ते साडेपाच. प्रत्येक बिंदूवर दोघे, होडीत दोघे.

क्रम ठरलेला : आधी जे उडून जाणार ते, मग जे हलतात ते, शेवटी जे हलत नाहीत ते. म्हणजे हंस, चक्रवाक, मग पोहणारी बदकं, मग चित्रबलाक, चमचे, बगळे. वारकरी सगळ्यात शेवटी. ते बुड्या मारतात आणि बदकांच्या थव्यात मिसळतात, पण निदान दूर जात नाहीत. सुरय आणि कुरव सतत फिरतात. त्यांच्यासाठी एकदाच डावीकडून उजवीकडे नजर फिरवायची आणि त्या फेरीत दिसतील तेवढेच लिहायचे. मागे वळून बघायचं नाही.

दुसऱ्या बिंदूवर मोजणी निम्म्यावर असताना दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी खालून गेला आणि सगळी बदकं उठली. निम्मा आकडा खोडला. उठलेल्या थव्याचे फोटो घेतले, बसायला दहा मिनिटं दिली आणि शून्यापासून सुरुवात केली. अशा वेळी ‘उरलेले साधारण तेवढेच असतील’ म्हणून दुप्पट करू नये. कैकर हा दुसरा शिकारी आला तर बदकं मान वर करून पाहतात आणि बहुधा बसूनच राहतात. त्याचा डोळा माशावर असतो.

गाळावरचे बारके चिखलपक्षी शेवटपर्यंत नीट जमले नाहीत. टिलवा आणि तुतवार यांचे मिश्र थवे गाळाच्या रंगात विरघळतात आणि वाकून चरत असल्यामुळे निम्मे ढेकळांमागे जातात. बिंदू आणखी जवळ न्यावा तर ते उडतात. ‘छोटे चिखलपक्षी, अनोळखी’ म्हणून सगळ्यात मोठा आकडा त्याच रकान्यात गेला. फॉर्मवर ते शोभत नाही, पण खरं तेच आहे.

जेवणाबद्दल एक : भिगवणला येऊन मासळीची थाळी न खाणं अवघड. पण ती दुपारच्या फेरीआधी खाल्ली की साडेतीनला स्कोपला डोळा लावून झोप लागते. पिठलं-भाकरी बांधून न्यावी, थाळी साडेपाचनंतर.

१२ जानेवारी : आकडे लावणं

थव्यांचे फोटो ए-चार कागदावर छापून त्यावर बॉलपेनने प्रत्येक पक्ष्यावर ठिपका देत मोजले. मोबाइलच्या पडद्यावर मोजताना झूम बदलला की जागा हरवते. आधी कागदावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात आणि चौकटीच्या रेषेवरचा पक्षी नेहमी डावीकडच्या चौकटीत धरावा.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर एका बिंदूची एक यादी, सकाळ-दुपार वेगळी. आकड्याऐवजी नुसती ‘एक्स’ची खूण केली तर पक्षी होता एवढंच कळतं आणि गणनेच्या बेरजेत त्याचा उपयोग नाही, अंदाजे का होईना, आकडा लिहावा. टिपणाच्या रकान्यात प्रत्येक यादीखाली त्या दिवशीची धरणाची पातळी आणि बाभळीपासून पाण्याचं अंतर टाकलं. काठावरच्या आणि होडीच्या नोंदी वेळेनुसार शेजारी ठेवल्यावर चक्रवाकांचा एक थवा दोन्हीकडे निघाला. वेळ आणि दिशा जुळत असल्यामुळे तो एकदाच धरला.

१४ फेब्रुवारी : रोहित

जानेवारीच्या यादीत रोहित, म्हणजेच अग्निपंख किंवा फ्लेमिंगो, फार थोडे होते. आता पाणी आणखी उतरलंय, गुडघाभर पाण्याचा उथळ पट्टा तयार झालाय आणि मोठे थवे आलेत. चांगल्या पावसाच्या वर्षी धरण उशिरापर्यंत भरलेलं राहतं, उथळ जागा उशिरा उघडते आणि रोहितही उशिरा येतात. म्हणून जानेवारीचा आकडा कमी दिसला की ‘रोहित घटले’ असं कुणी लिहू नये. आधी पातळी बघावी. याचसाठी फेब्रुवारीत त्याच बिंदूंवरून फक्त रोहितांची वेगळी मोजणी ठेवली आहे.

रोहित मोजायला सोपे वाटतात, नसतात. चरताना मान पूर्ण खाली, चोच उलटी पाण्यात. दाट थव्यात डोकी किंवा पाय मोजायला गेलात की फसलात, पाठी मोजाव्यात. करड्या रंगाची पिल्लं गुलाबी मोठ्यांच्या मागे दिसेनाशी होतात, म्हणून त्यांची वेगळी फेरी करावी. पिल्लांचं प्रमाण काढायचं तर थव्याच्या दोन्ही कडा आणि मध्य अशा तिन्ही ठिकाणी शंभर-शंभर पक्षी बघावेत, कारण पिल्लं सारखी पसरलेली नसतात. रोहित बघायला हीच गर्दीची वेळ, सुट्टीच्या दिवशी होड्यांची रांग असते. मोजणी मधल्या वारी ठेवावी, आणि नावाड्याला आदल्या रात्री फोन करून पाण्याची रेघ कुठे आहे ते विचारून घ्यावं, म्हणजे तिसऱ्या बिंदूला गमबूट लागणार की नाही ते पुण्यातच कळतं.